दोन वायरी, दोन पाइप

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना जोडले आहेत.)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि अट घातली आहे, "काका, काहीतरी उपयोगाचं बोला." पहिल्या गणपतीला वर्गणी किती जमली, पहिला टँकर कधी मागवला, या आठवणी माझ्याआधी सांगून झाल्या. मी नोकरीभर साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. बॉयलरचं प्रेशर, रसाचा पीएच, पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं सांभाळणं हे माझं काम. तेव्हा मला ज्यातलं कळतं तोच विषय घेतो. विषय आहे वायरी.

हसू नका. बिल्डिंगला पंचवीस वर्षं झाली. स्ट्रक्चरल ऑडिट उपविधीतच आहे, पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी ते करावं लागतं. कॉलमला तडा गेला तर दिसतो, पण भिंतीतल्या पाइपात काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. आता दुरुस्तीचं मोठं काम निघतंय, त्यात वायरिंगही आहे. भिंती एकदा लिंपल्या की माझं बोलणं वाया. म्हणून आजच बोलतो.

सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक माझीच आहे.

काही वर्षांपूर्वी आपण गच्चीवरच्या टाकीला लेव्हल कंट्रोलर बसवला. त्याआधी टाकी भरून वाहायची, पाणी जिन्यातून उतरायचं आणि मीटिंगमध्ये त्यावरून भांडणं व्हायची. पाणी किती आहे ते खाली कळावं, मोटर आपोआप बंद व्हावी, एवढाच हेतू. टाकीत सेन्सर, मीटर रूममध्ये कंट्रोलर आणि दोघांमध्ये एक बारीक वायर. वायरमध्ये फक्त १२ व्होल्ट. हातात धरली तरी काही होणार नाही.

ही वायर खालून वर न्यायची कशी, हा प्रश्न आला. वायरमन म्हणाला, "साहेब, गच्चीच्या दिव्यांचा पाइप आहेच की. त्यातूनच ओढतो. वेगळा टाकायचा म्हणजे चार मजल्यांचा पाइप, सॅडल, मजुरी, सगळं वाढणार." मी तेव्हा कमिटीत होतो. हे बरोबर नाही हे मला कळत होतं. कारखान्यात माझ्या हाताखालच्या एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला ती वायर परत काढायला लावली असती. पण बजेट संपत आलं होतं, रात्रीचे साडेदहा झाले होते, सगळे दमले होते. मी म्हणालो, "चालेल."

दोन पावसाळे चाललंही. तिसऱ्या पावसाळ्यात आपले वॉचमन मामा टाकी धुवायला गच्चीवर गेले. मोटर बंद केली होती, तिचा मेन स्विचही खाली पाडला होता. म्हणजे त्यांच्या बाजूने काही चुकलं नव्हतं. टाकीतला सेन्सर बाजूला करायला त्यांनी ती बारीक वायर धरली आणि मागे फेकले गेले. हात भाजला, खांद्याला मार लागला, दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या. फेकले गेले म्हणून वाचले. हात वायरीला चिकटून राहिला असता तर आज मी वेगळंच काही बोलत असतो. मामा आता कामावरून निवृत्त झालेत, पण कार्यक्रमाला आलेत. मागच्या रांगेत बसलेत. त्यांच्यासमोर हे एकदा सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं.

नंतर आम्ही तो पाइप उघडला. गच्चीच्या दाराजवळ काटकोनात एक बेंड होता. तिथून वायर जोर लावून ओढलेली, त्यामुळे दिव्याच्या फेजच्या वायरीवरचं आवरण घासलेलं. पाइपात पावसाची ओल उतरलेली. सेन्सरच्या वायरीचं आवरण तर मुळातच कांद्याच्या सालीएवढं. दोघींची तांबं एकमेकींना टेकली होती. १२ व्होल्टच्या वायरीत २३० व्होल्ट आले होते.

आता तुम्ही विचाराल, मग एमसीबी का पडला नाही? हाच प्रश्न मामांच्या मुलाने मला दवाखान्यात विचारला होता. नीट समजून घ्या, कारण घरोघरी असाच गैरसमज आहे. एमसीबी पडतो तो जास्त करंट वाहिला म्हणून. आपल्या गच्चीची टाकी प्लास्टिकची, पाइप पीव्हीसीचे, कंट्रोलरच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे सेन्सरची बाजू जमिनीपासून वेगळी. म्हणजे वायरीत २३० व्होल्ट येऊन बसले, पण करंटला वाहून जायला रस्ताच नव्हता. कुठे ठिणगी नाही, वास नाही, दिवाही नीट लागतोय. ओल्या स्लॅबवर उभं राहून मामांनी हात लावला आणि रस्ता तयार झाला. तो रस्ता म्हणजे मामा.

ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरा. २३० व्होल्टला २३० मिलीअँपियर करंट जाईल. माणूस मरायला त्याहून कमीही पुरतो. आणि एमसीबी १० अँपियरचा, म्हणजे १०,००० मिलीअँपियरचा. एमसीबीच्या दृष्टीने काही घडलेलंच नसतं. माणूस वाचवायला लागतो आरसीसीबी. आपले वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. तो जाणारा आणि परत येणारा करंट यांची तुलना करतो आणि ३० मिलीअँपियरचा फरक पडायच्या आत सप्लाय तोडतो. तेव्हा आपल्या कॉमन पॅनलला तो नव्हता. आता आहे.

पण आरसीसीबी बसवला म्हणजे काम झालं असं नाही. तो शेवटचा पहारेकरी आहे. मुळात दोन वायरी एकत्र यायलाच नको होत्या.

काटेवाडीच्या माणसाला हे समजावायला वेळ लागू नये. स्वच्छतेसाठी नावाजलेलं आपलं गाव. पिण्याच्या पाण्याचा पाइप आणि सांडपाण्याचा पाइप आपण एका चरात शेजारी शेजारी टाकतो का? दोन्ही पाइप नवे असतील, दोन्ही गळत नसतील, तरी टाकत नाही. कारण कधीतरी एक गळणार, आणि गळेल तेव्हा घाण पिण्याच्या पाण्यात जाणार. वायरींचंही तसंच आहे. जाड वायरीला आपण भितो. तिला हात लावताना चप्पल घालतो, मेन स्विच बंद करतो. बारीक वायरीला कुणी भीत नाही. इंटरकॉम, कॅमेरा, केबल टीव्ही, वायफाय, टाकीचा सेन्सर यांच्या वायरी पोरंसुद्धा हाताळतात. म्हणून जाड वायरीचा दोष बारीक वायरीत उतरला तर तो सगळ्यात वाईट.

वायरिंगच्या नियमांमागेही हाच विचार आहे. ५० व्होल्ट एसी किंवा १२० व्होल्ट डीसीपर्यंतची सर्किटं एका गटात आणि त्यावरची दुसऱ्या गटात. दोन्ही गट एका पाइपात घालायचे नाहीत. घालायचेच असतील तर आतल्या प्रत्येक वायरीचं आवरण त्या पाइपातल्या सगळ्यात मोठ्या व्होल्टेजला टिकणारं पाहिजे, नाहीतर मध्ये पडदी असलेलं ट्रंकिंग पाहिजे. आपल्याकडे इमारतींच्या वायरिंगसाठी आयएस ७३२ हे मानक आहे आणि हे तत्त्व जगभर पाळलं जातं. सेन्सरच्या आणि टेलिफोनच्या साध्या वायरी २३० व्होल्टसाठी बनवलेल्याच नसतात.

हा झाला जिवाचा भाग. दुसरा भाग कामाचा आहे, आणि तो मी कारखान्यात शिकलो.

उसाचा रस साफ करताना त्यात चुन्याची निवळी आणि सल्फर डायऑक्साइड सोडतात. रसाचा पीएच सातच्या आसपास ठेवावा लागतो. तो खाली गेला तर साखर फुटते, म्हणजे तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि पोत्यात येणारी साखर कमी होते. वर गेला तर रसाचा रंग बिघडतो. पीएच मोजणारा इलेक्ट्रोड एका अंकाच्या फरकाला जेमतेम ५९ मिलीव्होल्ट देतो. एक व्होल्टचा सतरावा भाग म्हणा. तेवढ्या इशाऱ्यावर चुना कमी-जास्त होतो.

एका हंगामात आमचं पीएचचं रीडिंग नाचायला लागलं. केमिस्ट ऑपरेटरवर ओरडायचे, ऑपरेटर माझ्यावर. इलेक्ट्रोड बदलला, परत बदलला. आठवडा गेला. शेवटी एका रात्री लक्षात आलं की एक ठराविक मोटर चालू झाली की रीडिंग नाचतं, बंद झाली की शांत होतं. त्या मोटरला नुकताच व्हीएफडी लावला होता, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. त्याची केबल टाकताना रिकामा ट्रे दिसला म्हणून आमच्या पीएचच्या केबलशेजारून टाकली होती. बरीच लांब दोघी गळ्यात गळा घालून चालल्या होत्या. आम्ही पीएचची केबल वेगळ्या ट्रेमधून फिरवली. रीडिंग जागच्या जागी आलं.

इथे आवरण फाटलेलं नव्हतं, तांब्याला तांबं टेकलं नव्हतं. तरी बिघाड झाला. वायरीतून बदलता करंट गेला की तिच्याभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि शेजारून समांतर जाणाऱ्या वायरीत त्याने थोडासा व्होल्टेज उमटतो. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, व्हीएफडी तर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. मोटरच्या केबलला शेजारणीचं काही वाटत नाही. पण ५९ मिलीव्होल्टवर बोलणाऱ्या वायरीच्या कानाशी तो ढोल वाजतो.

ही अडचण नवी नाही. टेलिफोन निघाला आणि शहरांत विजेच्या ट्राम धावू लागल्या, तेव्हापासून टेलिफोनमध्ये घूंघूं ऐकू येऊ लागली. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनेच १८८१ साली दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेण्याचं पेटंट घेतलं. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत सारखा येतो आणि वजा होऊन जातो. आपल्या घरात इंटरनेटची जी निळी-करडी केबल येते ती सोलून बघा, आत चार पिळलेल्या जोड्या दिसतील. मुंबईला टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली आलं आणि विजेची ट्राम १९०७ साली. लोकल १९२५ साली विजेवर धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे ती २५,००० व्होल्ट एसीवर नेली. एसी म्हटलं की रुळांच्या कडेने जाणाऱ्या सिग्नलच्या आणि टेलिफोनच्या केबलींत व्होल्टेज उमटण्याचा विचार आधी करावा लागतो. आजही विजेच्या मोठ्या लाइन आणि दूरसंचाराच्या लाइन यांचा मेळ घालायला केंद्र सरकारची स्वतंत्र समिती आहे. म्हणजे मोठ्या लोकांनाही हा त्रास आहे, आपण एकटे नाही.

आता व्यवहाराचं बोलतो. जाड आणि बारीक केबल कधी एकमेकींना ओलांडणारच नाहीत असं होत नाही. मग काय करायचं? आपल्याकडे तुकोबांची पालखी येते तेव्हा आठवा. मेंढ्यांचं रिंगण बघायला सगळं गाव रस्त्यावर असतं. त्या दिवशी जड वाहतूक पालखीच्या रस्त्याने सोडत नाहीत, दुसरीकडून वळवतात. आणि गर्दीतून रस्ता ओलांडायचाच असेल तर शहाणा माणूस सरळ पलीकडे जातो, गर्दीबरोबर तिरका चालत बसत नाही. केबलचं तेच आहे. सोबत समांतर न्यायची नाही. ओलांडायची तर काटकोनात, झटकन. काटकोनात ओलांडली की उमटणारा गोंगाट नगण्य होतो. सोबत न्यावीच लागली तर मध्ये अंतर ठेवायचं. आम्ही कारखान्यात निदान एक फूट अंतर सोडायचो, मोठ्या मोटरच्या केबलला त्याहून जास्त.

एक बारकावा सांगतो, कारण इथे वायरमनही चुकतात. वेगळा प्लास्टिकचा पाइप टाकला तर शॉकपासून संरक्षण मिळतं, पण गोंगाट प्लास्टिकमधून आरपार जातो. गोंगाटासाठी अंतर तरी पाहिजे, नाहीतर अर्थिंग केलेला लोखंडी पाइप, नाहीतर पिळाची आणि जाळीची केबल. त्या केबलची जाळी साधारणपणे एकाच टोकाला अर्थ करतात. सेन्सरसारख्या बारीक सिग्नलच्या जाळीचं दुसरं टोकही अर्थ केलं तर जाळीतूनच करंट फिरू लागतो आणि औषधापेक्षा आजार बरा म्हणायची वेळ येते.

आपल्या बिल्डिंगमध्ये हे कुठे कुठे लागू होतं? मी गेल्या महिन्यात टॉर्च घेऊन सगळ्या डक्ट बघितल्या. सौ. म्हणाली, "आता कारखाना नाही तर डक्ट तरी." असो. जे दिसलं ते सांगतो.

लिफ्टचा ड्राइव्ह बदलल्यापासून लिफ्टमधल्या कॅमेऱ्याच्या चित्रावर आडवे पट्टे येतात. दोनदा कॅमेरा बदलला. कॅमेऱ्यात दोष नाही, त्याची केबल ड्राइव्हच्या केबलला प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली आहे. पहिले ती सोडवा.

बी विंगच्या डक्टमध्ये केबल टीव्हीची वायर आणि तिसऱ्या मजल्याचा मेन एकाच क्लिपमध्ये आहेत. टीव्हीच्या वायरीच्या टोकाचा धातू आपण उघड्या हाताने फिरवतो, हे लक्षात घ्या.

काही जण म्हणतील, आमचं इंटरनेट फायबरचं आहे, काचेतून वीज जात नाही. काचेतून जात नाही हे खरं. पण खांबावरून येणाऱ्या फायबरच्या बऱ्याच केबलींना आधार द्यायला पोलादी तार असते. तिच्यातून जाते.

गच्चीवर सोलर पॅनल बसवायचं ठरतंय. पॅनल एकामागे एक जोडले की त्यांच्या डीसी केबलमध्ये काही शे व्होल्ट असतात, आणि ऊन आहे तोवर ते मेन स्विच पाडूनही बंद होत नाहीत. कठड्यावर जागा आहे म्हणून त्या केबलला डिशची किंवा सेन्सरची वायर बांधू नका. खाली गाड्या चार्ज करायचे पॉइंट मागताहेत. त्यांच्या जाड केबल त्याच जुन्या डक्टमधून वर-खाली जाणार. जागा आत्ताच ठरवून ठेवली नाही तर जो शेवटी येईल तो मिळेल त्या फटीतून वायर खुपसेल. मामांच्या वेळी हेच झालं.

म्हणून कमिटीपुढे माझी मागणी मोजकी आहे. दुरुस्तीच्या टेंडरमध्येच लिहा, की प्रत्येक विंगला दोन उभे मार्ग असतील, एक पॉवरचा, एक बारीक वायरींचा. बारीक वायरींच्या मार्गात चाळीस टक्के जागा रिकामी सोडा, पुढे काय काय येईल सांगता येत नाही. बारीक वायरींना लाल, पिवळा, निळा, काळा किंवा हिरवा रंग वापरू नका. ते फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगचे रंग आहेत. लाल रंगाची सेन्सरची वायर पुढच्या वायरमनला फसवते, आणि उलटंही होतं. दर दोन मजल्यांनी चिठ्ठी लावा, कोणता मार्ग कशाचा. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या, आणि भिंत लिंपण्याआधी प्रत्येक मार्गाचा फोटो काढून संस्थेच्या दप्तरात ठेवा. पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सव असेल तेव्हा मी नसेन, पण फोटो असेल.

घरच्या घरी तुम्हाला करण्यासारखंही आहे. कॅमेरा, वायफाय, डीटीएच बसवायला पोरं येतात. चांगली असतात, पण त्यांना अर्ध्या तासात पुढच्या घरी जायचं असतं. ती विचारतात, "काकू, लाइटच्या पाइपातूनच ओढू का? दिसणार नाही, फिनिशिंग छान येईल." तेव्हा नाही म्हणा. भिंतीवर पांढरी पट्टी दिसली तर दिसू द्या. आणि आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. खटकन पडला तर ठीक. नाही पडला तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.

वेगळ्या पाइपाचा खर्च तेव्हा किती होता, ते मी नंतर जुन्या कोटेशनमध्ये शोधलं. त्या वर्षी आपण गणपतीच्या मांडवावर त्याहून जास्त खर्च केला होता. मांडवाला विरोध नाही माझा, मीच खजिनदार होतो. एवढंच सांगतो, की रात्री साडेदहाला मीटिंगमध्ये कुणी दमलेला माणूस "चालेल" म्हणाला, तर बाकीच्यांपैकी एकाने तरी "का चालेल?" असं विचारावं. मला तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि मी स्वतःलाही विचारलं नाही.

मामा, तुम्ही मला एका शब्दानेही बोल लावला नाहीत. उलट बरे झाल्यावर आलात आणि म्हणालात, "साहेब, आता टाकी कधी धुवायची?" यापुढे आपल्या गच्चीवर जो कुणी टाकी धुवायला जाईल, त्याला बारीक वायर बिनधास्त हातात धरता आली पाहिजे. तेवढं आपण या दुरुस्तीत करू या.

पंधरा मिनिटांची वीस झाली. सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत आणि मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय.